ठाणे-नवी मुंबईतील घरासाठी परवडणारा होम थिएटर रिसीव्हर कसा निवडावा

रिसीव्हर घ्यायचे ठरले की दुकानाची वाट धरण्यापूर्वी टेप हातात घेऊन आपला हॉल मोजावा. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टॉवरमधील टू बीएचके असो किंवा नेरुळ-वाशीतील सिडकोच्या जुन्या इमारतीतील घर असो, आपल्याकडचा हॉल बहुधा दहा-अकरा फूट रुंद आणि पंधरा-सोळा फूट लांब निघतो. त्याची एक बाजू बाल्कनीच्या काचेची असते, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे किंवा आतल्या खोल्यांकडे जाणारी वाट असते आणि सोफा मागच्या भिंतीला टेकवण्याखेरीज इलाज नसतो. खोलीचे माप, सोफ्याची जागा आणि उघडी बाजू एवढ्या तीन गोष्टी कागदावर काढल्या की किती चॅनेलचा (म्हणजे किती स्पीकरांना वेगवेगळा आवाज देणारा) आणि किती ताकदीचा रिसीव्हर आपल्याला लागेल, याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो आणि गेल्या काही वर्षांत स्वतःच्या घरासह नात्यातल्या आणि ओळखीतल्या सात-आठ घरांत ही मांडणी करून दिली आहे. ज्या घरांत पैसे वाया गेले, त्या प्रत्येक घरात आधी यंत्र निवडले गेले होते आणि खोलीचा विचार नंतर झाला होता.

दुकानात ‘होम थिएटर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे आधी ध्यानात घ्यावे. एक म्हणजे साउंडबार. दुसरी म्हणजे सबवूफरच्या (फक्त जड, खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हवर चालणारा, पाच छोट्या स्पीकरांचा तयार संच. तिसरी म्हणजे एव्ही रिसीव्हर, आणि हा लेख फक्त त्याच्याविषयी आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर किंवा गेमिंग कन्सोल यांच्याकडून येणारा सिग्नल घेणे, त्यातला डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी साठवलेला ध्वनी उलगडून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा करणे, आणि मग त्या स्पीकरला ताकद पुरवणे, ही सगळी कामे रिसीव्हर एकाच पेटीत करतो. स्पीकर मात्र आपण वेगळे घेतो आणि हवे तेव्हा एकेक करून बदलू शकतो, म्हणूनच थोडे थोडे पैसे साठवून घर उभे करणाऱ्या माणसाला हा मार्ग साउंडबारपेक्षा लांबचा वाटला तरी अधिक टिकाऊ ठरतो.

माझी पहिली खरेदी तयार संचाची होती. स्टेशनजवळच्या एका दुकानातून आणलेल्या त्या खोक्यावर ‘५.१’ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असे ठळक छापलेले होते. घरी आणून मागची बाजू पाहिली तेव्हा तिथे फक्त सहा गोल छिद्रे होती, डॉल्बी उलगडणारा भाग आत कुठेच नव्हता. टीव्हीतून दोनच चॅनेलचा आवाज येत होता आणि पाचही स्पीकर तोच एक आवाज वाजवत होते. त्याच खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून कित्येक हजार वॅटचा आकडा होता आणि मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत वीज खर्चाचा आकडा होता ६० वॅट. यंत्र जेवढी वीज घेते त्याहून जास्त ताकद ते सतत देऊ शकत नाही, हे शाळेतले विज्ञान मला त्या दिवशी पत्रा वाचताना आठवले. तेव्हापासून कोणतेही यंत्र पाहताना मी आधी त्याची मागची बाजू पाहतो, आणि वाचकांनीही तसेच करावे असे मनापासून सांगतो.

वॅटचा आकडा कसा वाचावा

चांगल्या कंपन्यांच्या रिसीव्हरवरही वॅटचा आकडा नेमक्या कोणत्या अटींवर मोजला आहे, हे वाचल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. एकाच यंत्राच्या माहितीपत्रकात ७०, १०० आणि १३५ असे तीन आकडे मी पाहिले आहेत आणि तिन्ही आपापल्या अटींवर खरे होते. पहिला आकडा दोन चॅनेल एकाच वेळी चालवून, २० ते २०,००० हर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी विकृती (मूळ आवाजातला बिघाड) ठेवून मोजलेला होता. शेवटचा आकडा एकच चॅनेल, १,००० हर्ट्झचा एकच सूर आणि तब्बल दहा टक्के विकृती मान्य करून आलेला होता. दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा पहिल्या प्रकारचा आकडाच घ्यावा, आणि तोही सारख्याच ओहमवर (स्पीकरच्या विद्युत अवरोधाच्या मापावर) मोजलेला आहे ना, हे पाहावे. ६ ओहमवरचा आकडा ८ ओहमवरच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो, पण यंत्र तेच असते. खोक्यावर फक्त एकच मोठा आकडा असेल आणि अटी कुठेच नसतील, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून माहितीपत्रक उतरवून घ्यावे.

आता आपल्या हॉलला किती वॅट लागतात ते प्रत्यक्ष मोजून पाहू. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो. तो समजा ८७ डेसिबल आहे, म्हणजे त्या स्पीकरला एक वॅट दिल्यास एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर, म्हणजे सुमारे तीन मीटरवर आहे. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरामुळे आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो, बंद खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी उतरतो. तरीही कठोर हिशोब धरून सोफ्यावर ७७ ते ७८ डेसिबल पोचतात असे मानू. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत ६४ वॅटपर्यंत गेलो की सहा वेळा दुप्पट होते आणि सोफ्यावर ९५ डेसिबलच्या वर आवाज मिळतो, तोही एकाच स्पीकरमधून. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एवढा आवाज कुणीही फार वेळ सहन करणार नाही. उलट ७० वॅटचा रिसीव्हर सोडून १०० वॅटचा घेतला तर पडणारा फरक जेमतेम दीड डेसिबलचा आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. म्हणून आपल्या मापाच्या हॉलसाठी खऱ्या मोजणीचे ७० ते ८० वॅट पुरेसे आहेत आणि वॅट वाढवण्यासाठी वरचे मॉडेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पैसे सेन्सिटिव्हिटी जास्त असलेल्या स्पीकरवर घातले तर ९० डेसिबलचा स्पीकर ८७ च्या तुलनेत रिसीव्हरची ताकद दुप्पट केल्यासारखा लाभ देतो.

ओहमकडे मात्र दुर्लक्ष करू नये. स्वस्त रिसीव्हर बहुधा ६ ते १६ ओहमच्या स्पीकरांसाठी बनवलेले असतात. ४ ओहमचे स्पीकर लावून आवाज वाढवला की यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. जुने स्पीकर घरात असतील तर त्यांच्या मागची पट्टी वाचूनच रिसीव्हर निवडावा.

किती चॅनेल हवेत

५.१ म्हणजे पुढचे डावे-उजवे, मधला सेंटर, बाजूचे दोन सराउंड आणि एक सबवूफर. ७.१ मध्ये श्रोत्याच्या मागे आणखी दोन स्पीकर येतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर त्या दोन स्पीकरांना जागाच उरत नाही, आणि तरीही ते डोक्यामागे भिंतीवर ठोकले तर बाजूच्या स्पीकरांशी त्यांची सरमिसळ होते. त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईतील बहुतेक हॉलना ५.१ हीच खरी मांडणी आहे. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ किंवा सोनीचा एसटीआर-डीएच५९० हे या वर्गातले रिसीव्हर आहेत, दुसऱ्याला ५.२ म्हणतात ते त्याला सबवूफरच्या दोन जोडण्या असल्यामुळे, आणि या किमतीच्या यंत्रांत त्या दोन्हींतून सामान्यतः एकच सिग्नल निघतो, म्हणून त्या ‘.२’ साठी जास्त पैसे मोजू नयेत.

सात चॅनेलचा रिसीव्हर घेण्याचे एकच सबळ कारण आहे, ते म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉस. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती यंत्रांत आलेल्या या पद्धतीत आवाज वरूनही येतो, आणि सोनीच्या एसटीआर-डीएच७९० सारख्या रिसीव्हरमधील जास्तीचे दोन चॅनेल छतातल्या दोन स्पीकरांना देऊन ५.१.२ अशी मांडणी करता येते. त्यासाठी छतात स्पीकर बसवणे शक्य हवे. नव्या फ्लॅटचे इंटिरिअरचे काम चालू असेल आणि पीओपीचे छत अजून व्हायचे असेल, तर रिसीव्हर दोन वर्षांनी घेणार असलात तरी छताच्या दोन जागांपर्यंत आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत पाइपातून स्पीकरची वायर आताच ओढून ठेवावी. पीओपी झाल्यावर हेच काम करायचे म्हटले तर छत फोडावे लागते किंवा भिंतीवरून पट्टी मारावी लागते. छत तयार असेल आणि फोडायचे नसेल, तर अ‍ॅटमॉसचा नाद सोडून तो पैसा सेंटर स्पीकरकडे वळवावा.

सेंटर स्पीकरचा मी एवढा आग्रह धरतो, कारण चित्रपटातले संवाद बहुतांश त्याच्यातूनच येतात. गाडी पडली, पाऊस कोसळला, याचा आवाज थोडा कमी-जास्त झाला तर चालते, पण संवाद कळला नाही की घरातली म्हातारी माणसे दोन मिनिटांत उठून जातात. एकूण ७५ हजारांचे अंदाजपत्रक असेल, तर मी त्यातले २५ ते ३० हजारच रिसीव्हरवर घालतो, सेंटर आणि पुढचे दोन स्पीकर एकाच मालिकेतले घेतो, आणि बाजूचे दोन सर्वांत साधे घेतो. सबवूफर सुरुवातीला नसला तरी चालेल. नंतर घेता येतो.

जोडण्या

रिसीव्हरच्या निवडीत सर्वांत जास्त वेळ मागच्या जोडण्यांना द्यावा. पहिली पाहण्याची जोडणी म्हणजे एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी जोडणी) आउट आणि तिच्याजवळ लिहिलेली एआरसी किंवा ई-एआरसी ही अक्षरे. एआरसी ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिच्यामुळे टीव्हीमधल्याच अ‍ॅपवर चित्रपट लावला तरी त्याचा आवाज त्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे येतो. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेली ई-एआरसी त्याच मार्गाने कितीतरी जास्त माहिती नेते, त्यामुळे ब्लू-रे डिस्कवरचा मूळ आवाजातले काहीही न गमावता दाबलेला डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी ध्वनीसुद्धा टीव्हीमार्गे येऊ शकतो. ओटीटी अ‍ॅपवरचा बहुतेक सराउंड ध्वनी, अ‍ॅटमॉससह, डॉल्बी डिजिटल प्लस या थोडे गमावून जास्त दाबलेल्या स्वरूपात असतो आणि तो साध्या एआरसीतून जाऊ शकतो. म्हणून ज्यांच्या घरात डिस्क प्लेअर नाही आणि यायचाही नाही, त्यांनी केवळ ‘ई’ या अक्षरासाठी जास्त किंमत देण्याचे कारण नाही. ऑप्टिकल वायरीवर मात्र विसंबू नये, कारण तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातो, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही.

टीव्हीच्या बाजूलाही एआरसीची जोडणी एकच असते आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. त्याच छिद्रात वायर घालावी लागते. नेरुळला माझ्या मामेबहिणीच्या घरी रिसीव्हर बसवून आठ महिने झाले होते, तेव्हा तिचा फोन आला, “दादा, मधला स्पीकर बिघडलाय बहुतेक, त्यातून आवाजच येत नाही.” तिच्याकडे जाऊन पाहिले तर वायर बरोबर जागी होती, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर होते. टीव्ही प्रत्येक ध्वनीचे दोन चॅनेल करून पाठवत होता, आणि रिसीव्हर आला तसा तो पुढच्या दोन स्पीकरांना देत होता. ‘पीसीएम’ च्या जागी ‘ऑटो’ निवडल्याबरोबर रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर डॉल्बीचे नाव उमटले आणि मधला स्पीकर बोलू लागला. टीव्हीप्रमाणे हे नाव ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ असे वेगवेगळे असते. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही ध्वनीची अशीच निवड असते आणि तीही एकदा तपासावी.

एचडीएमआय इन किती हव्यात हे आपल्या घरातल्या पेट्या मोजून ठरवावे; सेट-टॉप बॉक्स, कन्सोल आणि एक मोकळी अशा तीन बहुतेकांना पुरतात. ४के चित्र रिसीव्हरमधून जाणार असेल तर एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारी सोय) २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती असल्याची खात्री करावी. सेकंदाला १२० चौकटींचे ४के खेळ खेळणारी मुले घरात असतील, तर स्वस्त रिसीव्हरमध्ये ती क्षमता शोधत बसण्यापेक्षा कन्सोल थेट टीव्हीला लावावा आणि आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणावा. हीच युक्ती जुन्या रिसीव्हरलाही लागू पडते: ज्याची एचडीएमआय ४के चित्र पुढे पाठवू शकत नाही असा दहा वर्षांपूर्वीचा चांगला रिसीव्हर, एआरसी असेल तर, आजच्या टीव्हीबरोबर केवळ ध्वनीसाठी उत्तम काम देतो, आणि वापरलेल्या मालात तो फार कमी पैशांत मिळतो.

आणखी एक वस्तू मी सक्तीची मानतो, ती म्हणजे खोली मोजणारा माइक. यामाहा त्याला वायपीएओ म्हणते, डेनॉनच्या बहुतेक यंत्रांत ऑडिसी असते, सोनी आणि ऑन्कियोची आपापली नावे आहेत. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून ठरावीक आवाज काढतो, माइकने ऐकतो आणि स्पीकरचे अंतर, पातळी व काही प्रमाणात सूर सुधारून घेतो. एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला मोकळी वाट असलेल्या आपल्या हॉलमध्ये डावा आणि उजवा स्पीकर कधीच सारखे वाजत नाहीत, त्यामुळे इथे ही सोय इतर कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. अगदी तळाच्या काही मॉडेलांत माइक दिलेला नसतो. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी असे मॉडेल घेऊ नये.

वाय-फाय आणि कंपनीचे अ‍ॅप यांसाठी पैसे घालू नयेत. गाणी ऐकायला ब्लूटूथ आणि टीव्ही पुरेसे आहेत.

दुकानात आणि बाजारात

ठाण्यात किंवा वाशीत मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दालनांत साउंडबार भरपूर आणि रिसीव्हर एखाद-दुसराच दिसतो. पर्याय पाहायचे असतील तर लॅमिंग्टन रोड गाठावा, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून जलद लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, हा सोपा रस्ता आहे. तिथे दुकानात ऐकून निर्णय घ्यावा असे मात्र मला वाटत नाही, कारण दुकानातली खोली, तिथले महागडे स्पीकर आणि वाढवलेला आवाज यांचा आपल्या हॉलशी काही संबंध नसतो. त्याऐवजी रिमोट हातात घेऊन मेनू उघडून पाहावा, स्पीकरच्या वायरीच्या जोडण्या सर्व चॅनेलना स्क्रूच्या आहेत की काहींना नुसत्या चिमट्याच्या आहेत ते पाहावे, आणि माइक खोक्यात आहे याची खात्री करावी.

स्वस्त मिळतो म्हणून परदेशातून आलेला, बिलाशिवाय विकला जाणारा माल घेऊ नये. अमेरिकेसाठी बनवलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालवता येतो, पण भारतातली वॉरंटी त्याला मिळत नाही आणि घरातल्या कुणी चुकून थेट सॉकेटमध्ये पिन घातली की सगळे संपते. मागच्या पत्र्यावर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे छापलेले पाहूनच पैसे द्यावेत, आणि जीएसटीचे बिल घेऊन वॉरंटीची तारीख त्यावरच लिहून घ्यावी. सात ते दहा किलोची ही पेटी दुरुस्तीसाठी लोकलमधून नेणे सोपे नाही, म्हणून कंपनीचे सेवा केंद्र ठाणे किंवा नवी मुंबईत आहे की मुंबईतच जावे लागेल, हे खरेदीपूर्वी विचारावे आणि थर्माकोलसह खोके जपून ठेवावे.

वापरलेला रिसीव्हर पाहायला जाताना आपली एचडीएमआय वायर, एक छोटा स्पीकर आणि माइक असल्यास तोही बरोबर न्यावा. प्रत्येक एचडीएमआय जोडणीत वायर घालून चित्र येते का पाहावे, कारण जुन्या रिसीव्हरमध्ये बहुधा हाच भाग आधी जातो. छोटा स्पीकर पाळीपाळीने पाचही चॅनेलना लावून टेस्ट टोन ऐकावा. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून रिलेचा ‘टक’ आवाज यायला हवा. तो आलाच नाही किंवा पट्टीवर ‘प्रोटेक्ट’ उमटले तर तो सौदा सोडावा. अर्धा तास चालू ठेवून वरची जाळी हाताला सोसवते का आणि करपल्यासारखा वास येतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणारा घाईत असेल तर आपण परत यावे.

घरी आणल्यावर

सुताराने टीव्ही युनिटमध्ये केलेला बंद कप्पा रिसीव्हरसाठी वापरू नये. रिसीव्हरची उष्णता वरच्या जाळीतून बाहेर पडते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवाच इतकी गरम असते की बंद दारामागे तो तासाभरात धोक्याच्या पातळीला जातो. वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा ठेवावी, मागची पाठफळी काढून टाकावी आणि जाळीवर सेट-टॉप बॉक्स किंवा वायफाय राउटर ठेवू नये. विजेचा दाब आपल्याकडे पावसाळ्यात वर-खाली होतो, म्हणून सर्ज प्रोटेक्टर लावावा. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण अर्थिंगशिवाय त्याला पूर्ण काम करता येत नाही.

स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची, १६ गेजची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते. नखाने किंवा ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. वायर जोडताना तांब्याचा एकही बारीक तंतू शेजारच्या जोडणीला लागणार नाही हे डोळे जवळ नेऊन पाहावे, कारण तेवढ्या एका तंतूने रिसीव्हर बंद पडतो. खाडीकडच्या दमट हवेत उघडी तार दोन पावसाळ्यांत काळी पडते. तेव्हा अर्धा इंच कापून पुन्हा सोलून घ्यावी.

माइकने खोली मोजण्याचे काम रात्री उशिरा किंवा दुपारी सामसूम असताना करावे. पंखा आणि एसी बंद, खिडक्या बंद, कुकर गॅसवर नाही, अशी तयारी झाल्यावर माइक सोफ्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवावा. हातात धरू नये, आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवूही नये. मोजणी संपली की मेनूत जाऊन सर्व स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ करावा, अर्थात सबवूफर असेल तर. त्याखालचा जड आवाज मग सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो आणि रिसीव्हरवरचा भार हलका होतो. जुने मराठी चित्रपट आणि नाटकांचे चित्रीकरण दोनच चॅनेलचे किंवा मोनो असते. त्यांच्यासाठी ‘स्टिरिओ’ ऐवजी ‘डॉल्बी सराउंड’, किंवा जुन्या यंत्रात ‘प्रो लॉजिक’, निवडल्यास संवाद पुन्हा मधल्या स्पीकरमधून येतात आणि स्पष्ट ऐकू येतात.

सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर यंत्र परत करण्यापूर्वी केबल टीव्हीची किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष त्या वायरीतून येणाऱ्या अर्थिंगच्या फरकाचा आहे, रिसीव्हरचा नाही.

शेजाऱ्यांचाही विचार आधीच करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि स्लॅबमधून खालच्या घरात सर्वांत आधी पोचतो तो सबवूफरचा दणका. सबवूफर कोपऱ्यातून थोडा पुढे घ्यावा, त्याखाली जाड रबराचे पाय लावावेत आणि रात्री मेनूतला नाइट मोड चालू करावा; त्याने स्फोटांचा आवाज खाली येतो आणि कुजबुज वर येते, त्यामुळे एकूण आवाज कमी ठेवूनही संवाद सुटत नाहीत.

सगळे मनासारखे झाल्यावर रिसीव्हरच्या मागच्या जोडण्यांचा आणि मेनूतल्या स्पीकरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून लावावे. गणपतीच्या आधी घरात रंगकाम निघते, टीव्ही युनिट हलते, आणि वायरी कुणी तरी घाईने उपसून काढतो; तेव्हा या फोटोवरून घरातल्या कुणालाही तासाभरात सगळे पुन्हा जोडता येते.